आजोबांना पळायचा पगार होता

प्रस्तावना दुसऱ्याने लिहायची असते. लेखकाने स्वतः लिहिली की तिला मनोगत म्हणतात आणि मनोगत कोणी वाचत नाही, असं प्रकाशकांचं म्हणणं. मी दोघांना विचारून पाहिलं. एक पळत नाहीत. न पळणाऱ्याने पळणारीच्या वह्यांबद्दल काय लिहायचं, असं त्यांनीच मला उलट विचारलं. दुसरे पळतात, पण लिहायला बसले की त्यांचा गुडघा धरतो. तेव्हा ही प्रस्तावना माझीच. मनोगत म्हणायचं तर म्हणा, पण वाचा.

पुस्तक कसलं आहे ते आधी सांगते. जून २०१२ पासून मी पळते, आणि पळून आल्यावर आंघोळीआधी वहीत दोन-चार ओळी खरडते. किती अंतर, किती वेळ, रस्त्यात काय दिसलं, कुठे दुखलं. अशा अकरा वह्या साठल्या. त्यांतली निम्मी पानं इथे आहेत. वजन कसं उतरवावं, मन कसं खंबीर करावं, हे यात सापडणार नाही. बारा वर्षांत माझं वजन तीन किलोंनी उतरलं आणि त्यातले दोन किलो परत आले. मनाचं तर विचारूच नका.

मी साताऱ्यात टपाल खात्यात काउंटरवर बसते. माझे आजोबाही टपाल खात्यातच होते आणि त्यांचा हुद्दा होता रनर. कागदोपत्री हाच शब्द. घरात, गावात मात्र हरकारा. जावळीच्या खोऱ्यात एका टपालघरातून थैली उचलायची, दुसऱ्या टपालघरात पोचवायची, तिथली थैली घेऊन परत फिरायचं. पाऊस असो, ओढ्याला पाणी असो, थैली कोरडी पोचली पाहिजे. माणूस कोरडा पोचावा अशी काही अट नव्हती. हातात घुंगरं बांधलेली काठी असायची. जनावराने बाजूला व्हावं आणि माणसाने वाट द्यावी, यासाठी ती घुंगरं. तुम्ही खरंच पळत जायचा का, असं मी लहानपणी विचारायची, तेव्हा ते म्हणायचे, "चढाला चालायचं, सपाटीला ओढायचं, उताराला पळायचं. सगळीकडं पळंल तो येडा." आज घाटातल्या शर्यतींसाठी तयारी करून घेणारे प्रशिक्षक फी घेऊन हेच सांगतात.

कोयनेचं धरण झालं तेव्हा त्यांच्या वाटेचा निम्मा तुकडा शिवसागराखाली गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ते निवृत्त झाले आणि मग जन्मात विनाकारण एक पाऊल टाकलं नाही. अंगणात बाजेवर बसून असायचे. समोरून शाळेचे गुरुजी संध्याकाळी फिरायला निघाले की आजोबा हाक मारायचे, "गुरुजी, थैली कुठाय?" गुरुजी हसून हात हलवायचे. आजोबांना तो विनोद कधी जुना वाटला नाही.

आजोबांना पळायचा पगार होता. मी पळायचे पैसे भरते. शर्यतीच्या प्रवेशाचे हजार-दीड हजार, बुटांचे सहा-सात हजार, आणि ते बूट पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बदला, असा सल्ला. या दोन पळण्यांचं आपसात काय नातं आहे, हे मला बारा वर्षं नीट सांगता आलेलं नाही. या पुस्तकात तीच खटपट आहे.

एक शब्दांचं. मराठीत पळणारा माणूस तसा संशयितच. पळपुटा, पळवाट, पळ काढणे, पळवून नेणे. या घराण्यातला एकही शब्द अब्रूने जगलेला नाही. धावण्याचं तसं नाही. मदतीला माणूस धावून जातो, संकटात देवाचा धावा करतो. माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी उतारावरून पळत सुटतात. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे; त्या पळण्याचंही नाव धावाच. म्हणूनच असेल, शर्यतीच्या फलकांवर 'धावा' असतं, 'पळा' लिहायला कोणी धजत नाही. साताऱ्यात मात्र कोणी धावत नाही. इथे सगळे पळतात, म्हणून या पुस्तकातही मी पळतेच.

जुन्या कालमापनात साठ पळांची एक घटका होते आणि एक पळ भरतो २४ सेकंदांचा. त्या पळाचा आणि पळण्याचा मुळात काही संबंध नाही म्हणे. तरी माझा नेहमीचा किलोमीटर सात मिनिटं बारा सेकंदांचा, म्हणजे बरोबर अठरा पळांचा निघाला, तेव्हा मला उगाचच आनंद झाला. वहीत त्या हिशेबाला अर्धं पान गेलंय. संपादकांना ते काढायचं होतं. मी राहू दिलं.

सुरुवात कशी झाली ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९८४ साली लॉस एंजेलिसला बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली. तोवर एवढं अंतर बायकांना झेपणार नाही अशी पुरुष मंडळींची समजूत होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचं पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. मी तेव्हा सातवीत. आमच्या शाळेत मुलींसाठी सगळ्यात लांबची शर्यत २०० मीटरची होती आणि मी तीत दुसरी आले होते. बक्षीस मिळालं स्टीलचं वाटीभांडं. आठवीत गेल्यावर घरात कोणी बंदी घातली नाही, कोणी रागावलंही नाही. नुसतं पळणं बंद झालं. सगळ्याच मुलींचं झालं. कोणत्या दिवशी बंद झालं हेही आठवत नाही, इतक्या गुपचूप.

मग एकदम २०१२. साताऱ्यात घाटातली अर्धमॅरेथॉन त्या वर्षी सुरू व्हायची होती. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत, २१ किलोमीटर. ऑफिसात एकाने नावं गोळा करायला घेतली. यादीत बाई एकही नव्हती. "तुमचं घालू का?" त्याने चेष्टेत विचारलं. मी नाव घालू दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार उघडून बाहेर पडले. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणीला दोन ठिकाणी पिना, पायात लेकाचे जुने कॅनव्हासचे बूट. समर्थ मंदिराच्या बाजूला विजेचे खांब मोजत पळाले. सात खांब झाले आणि आठव्याला धरून उभी राहिले. दूधवाले एक आजोबा सायकलवरून खाली उतरले. काळजीने म्हणाले, "काय वं ताई, कोन गेलं का?"

पहाटेची बाई पळत निघाली म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात बाईला पळताना पाहिलं असेल ते अशाच वेळी. "नाही बाबा, उगंच," मी म्हटलं. या 'उगंच'वर त्यांचा अजिबात विश्वास बसला नाही. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तेवढंच आहे: सात खांब. उगंच.

त्या वर्षी शर्यत मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिली. पुढच्या वर्षी पळाले.

शरीराबद्दल पुस्तकात बरंच आहे, म्हणून इथे फार लिहीत नाही. एकच गोष्ट सांगते, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. पळायला लागल्यावर दम आधी वाढतो. काही आठवड्यांत हृदय आणि फुप्फुसं कामाला सरावतात. स्नायू त्यांच्या मागून येतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर यांचं मात्र सावकाश चालतं. त्या दोरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे बळकट व्हायला त्यांना महिनेच्या महिने लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दम म्हणतो पळ, आणि पाय अजून तयार नसतात. नवी माणसं नेमकी तेव्हा जायबंदी होतात. माझ्या दोन्ही नडग्या ऑगस्टमध्ये ठणकायला लागल्या. जिना उतरताना मी कठड्याला धरून, आडवी, खेकड्यासारखी उतरायची.

नंतर टाच. पलंगावरून पहिलं पाऊल खाली ठेवलं की टाचेत कोणी सुई खुपसावी तशी कळ, आणि दहा पावलं चाललं की गायब. तळपायाचा पट्टा रात्रभर आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो, त्याची ती कळ. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याची बाटली बर्फ करा आणि तळपायाखाली फिरवा. मी ती ऑफिसात नेली. वर रजिस्टर पत्रांच्या पावत्या फाडायच्या, खाली चप्पल काढून बाटली पुढे-मागे. एका आजींनी पैसे मोजता मोजता काउंटरखाली कान दिला. "बाय, तुमच्या हापिसात उंदरं झाल्यात." तो हिवाळाभर आमच्या काउंटरखाली उंदीर होते.

आणि बहुतेक दिवस कंटाळवाणे असतात, हेही कबूल करते. दहातले आठ दिवस इतकं सावकाश पळायचं असतं की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. जोरात पळण्याचा दिवस आठवड्यातून एखादा. पळणाऱ्यांविषयीच्या बातम्या शर्यतीच्या असतात, आणि शर्यत वर्षातून दोन-तीनदाच येते. बाकी सगळा वेळ तोच रस्ता, तीच कुत्री, तोच पेपर टाकणारा पोरगा. पळणं म्हणजे ध्यान, असं अलीकडे फार ऐकू येतं. माझं ध्यान बहुतेक वेळा डब्याला भाजी काय करायची यात असतं.

आता त्यांच्याविषयी, ज्यांच्याजवळ थैली होती. मराठी मुलखात निरोप्याने पळत पत्र पोचवणं फार जुनं. पेशवाईच्या कागदांत जासूदजोडी रवाना केल्याचे उल्लेख ठिकठिकाणी आहेत. दोघे एकत्र धाडायचे, म्हणजे एक पडला तर दुसरा पत्र नेईल. त्या जोड्यांनी कापलेल्या अंतरांना पदक कोणी दिलं नाही. मग १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारे शेतकरी पाहिले. हे लोक परदेशात चांगलेच टिकतील असं त्यांना वाटलं, आणि पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचं अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर, ऑलिम्पिकच्या इतिहासातलं सगळ्यात लांब. चौगुले दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत पोचले आणि १९ वे आले. तेवढ्या वेळात मी यवतेश्वरचा घाट चढून उतरून येते, म्हणजे त्यांच्या निम्मं अंतर, आणि वर मला गळ्यात पदक घालतात.

चौगुल्यांची गोष्ट सांगताना लोक 'अनवाणी' या शब्दावर थांबतात आणि त्यांचा आवाज ओला होतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत, जिने २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तिच्याबाबतीतही तेच: लहानपणी ती अनवाणी पळायची. बारामतीच्या लता करे नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाल्या, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून; पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. मला हा ओला आवाज सहन होत नाही. बूट नव्हते, म्हणून अनवाणी. पैसे नव्हते, म्हणून पळाल्या. सत्तर वर्षांच्या आसपासच्या बाईला औषधपाण्यासाठी शर्यत जिंकावी लागते, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? टाळी त्यांच्या पायांना वाजवा, हवी तितकी. बूट नसण्याला वाजवू नका. आजोबाही वहाणा हातात घेऊन पळत. झिजू नयेत म्हणून. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी बूटच मागितले असते.

एक गंमत मात्र मला फार आवडते. तीन हजार मीटरची स्टीपलचेस नावाची शर्यत असते. तीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. अडथळे लाकडी तुळईसारखे भक्कम. पाय लागला तर माणूस पडतो, अडथळा नाही. या शर्यतीत महाराष्ट्राने दोन मोठी नावं दिली. ललिता बाबर आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ मध्ये रिओच्या ऑलिम्पिकला अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत दिसली ती अशी. दुसरा अविनाश साबळे, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटरवर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या पळणाऱ्याच्या मागे तो अवघा पाच शतांश सेकंद राहिला आणि रौप्य घेऊन आला. माण आणि आष्टी. दोन्ही तालुके टँकरची वाट पाहण्यात हयात गेलेले, आणि नाव कशात काढलं, तर पाण्यावरच्या उडीत. हे मी पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "काकू, पानी दिसल्यावर आमच्याकडचा मानूस उडी मारनारच की."

भरतीची पोरं हा या पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग. आठवड्यातून दोनदा मी घाट सोडून माहुलीच्या बाजूला सपाटीवर जाते. उसाच्या रानांमधला सरळ रस्ता, कडेला चुन्याची रेघ, आणि चारशे मीटरवर पांढरा रंग मारलेला दगड. पहाटे साडेपाचला तिथे वीस-पंचवीस पोरंपोरी असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून पन्नास गुण. याला ते ग्राउंड म्हणतात. ग्राउंड निघालं की लेखी. बोलणं सगळं सेकंदांत चालतं. "दोन सेकंद खाल्लं राव चढानं." "कालच्यापेक्षा चार सेकंद कमी आलं." त्यांना माझ्या वीस-वीस किलोमीटरचं काडीचं कौतुक नाही, एवढं लांब पळून नोकरी कुठली मिळते, हे त्यांना समजत नाही.

माझं तिथलं काम म्हणजे मोबाईल धरून उभं राहणं. "काकू, टायमिंग घ्या की!" त्यांत एक मुलगी होती, जवळच्या खेड्यातून वडापने यायची. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून ती पाचच्या आधी येऊन बसायची. आठशे मीटरला तिचे पहिले सहाशे उत्तम जायचे आणि शेवटच्या दोनशेला गुडघे खाली पडायचे. मी रेघेजवळून ओरडायची, "पाय उचल! पाय उचल गं!" दोन भरत्या हुकल्या. एकदा ग्राउंड कमी पडलं, एकदा लेखी. घरात स्थळं यायला लागली होती. तिसऱ्या खेपेला नाव लागलं. पेढे घेऊन टपालात आली, काउंटरच्या खिडकीतून पेढा आत सरकवला. मी म्हटलं, "पळणं सोडू नको हं आता." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला परत दहावीची परीक्षा द्यायला सांगत होते. "आता कशाला, काकू?"

मला आजोबा आठवले. थैली पोचली, काम संपलं. ज्याच्या पळण्याला कारण आहे त्याला थांबता येतं, आणि किती समाधानाने थांबतो तो. मला मात्र थांबायला कारणच सापडत नाही, कारण सुरुवातच 'उगंच'ने झालेली. याचं मला कधी बरं वाटतं, कधी नाही. वह्यांमध्ये दोन्ही तऱ्हेची पानं आहेत आणि मी ती जुळवून घ्यायचा प्रयत्न केलेला नाही.

पूर्ण मॅरेथॉन मी एकदाच पळाले, जानेवारी २०१८, मुंबई. २००४ पासून ही मॅरेथॉन होते, बहुतेकदा जानेवारीत. अंधारात बोरीबंदरहून निघतात, सी लिंकवरून समुद्र ओलांडतात, आणि सगळी ताकद संपल्यावर समोर पेडर रोडचा चढ येतो. साताऱ्याच्या माणसाने त्याला चढ म्हणू नये. पण शरीर स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवून ठेवतं ती साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, मग चरबीवर चालावं लागतं, आणि चरबी सावकाश जळते. पाय असतात, पण ते दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. पळणारे याला भिंत म्हणतात. मला ती तेहतिसाव्याला लागली. पेडर रोडला एका माणसाने मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे केली, आणि मी ती सालासकट खाल्ली. त्या घडीला मला तत्त्वज्ञान सुचलं नाही. एवढंच वाटलं, थैली असती तर निदान खाली ठेवता आली असती. पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं. परतीच्या एसटीत दोन सीटांवर पाय पसरले आणि कंडक्टर काही बोलला नाही.

वहीतल्या खुणा छापताना तशाच ठेवल्या आहेत, त्यांचा अर्थ देते. 'कु' म्हणजे कुत्रं मागे लागलं; 'कु २' म्हणजे दोन. 'धु' म्हणजे धुकं, याने जुलै-ऑगस्टची पानं भरलेली सापडतील. 'टा' टाच. 'ग' म्हणजे गच्ची. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये टपाल चालू आणि रस्ते बंद होते, तेव्हा ऑफिसातून येऊन गच्चीवर फेऱ्या मारल्या, एक फेरी अडतीस पावलांची. रिकामा गोल म्हणजे पळाले नाही. गोलांची कारणं मी बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाहीत आणि आता सगळी आठवतही नाहीत. चहाचे डाग प्रकाशकांनी काढून टाकले.

शेवटची वही गेल्या शर्यतीला संपते, पण त्या दिवशीची एक गोष्ट वहीत आलेली नाही, म्हणून इथे लिहिते. घाट चढून, वर वळून मी परत उतरायला लागले होते. पाऊस नुकता थांबलेला, रस्ता काळा कुळकुळीत, ढग खाली. एका वळणाच्या अलीकडे बंदोबस्ताला खाकीतली मुलगी उभी होती. तिने हात आडवा करून एक वडापची जीप अडवली होती. टोपीमुळे मी आधी ओळखलं नाही. जवळून गेले आणि ती एकदम ओरडली, "काकू, पाय उचला!"

मी हात वर केला. मागे जीपच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं होतं, त्याचं बोलणं कानावर आलं. "का वं पळत्यात ह्या बाया? काय मिळतंय?" तिने त्याला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही; पुढे वळण होतं, आणि उतार.